पसा

भायलीच्या अर्ध्या टॉवरखाली पत्र्याच्या अकरा खोल्या.
फॉर्मच्या पहिल्याच पानावर व्याख्या छापलेली :
कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.
संस्थेची गाडी साडेबाराला खिचडी आणते,
तेव्हापासून इथली दुपारची चूल पेटत नाही.
म्हणजे व्याख्येप्रमाणे
दुपारी इथं कुणालाच कुटुंब नाही.

सायकीबाई पावरा. वय तिला विचारून मीच ठरवलं, चौतीस.
गाव धडगावकडचं, तीन डोंगर आत.
माझी दांडिया बाजारची मराठी तिला अर्धी कळते,
तिची पावरी मला त्याहून कमी.
मग मधे आम्ही गुजराती मांडतो,
शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या पाटासारखी,
आणि दोघी जपून टेकतो.

जेवणारे किती?
चार, म्हणते. यादीत चारच आहेत.
मग दाराशी एकेक उगवतो :
दीर, परवाच्या बसनं आलेली त्याची बायको,
तिच्या कडेवरचं एक.
आणि ताटली घेऊन जरा लांब उभा
टॉवरचा नेपाळी चौकीदार, जो कुठल्याच यादीत नाही
कारण त्याला पगार आहे.
होता, म्हणतो तो. होळीपर्यंत.
मी चार खोडते. सात लिहिते.
पेन तिथंच राहतं.

गेल्या सात दिवसांत अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी.
ती विचारते, सात दिवस कुठल्या वारापासून, बेन?
शनिवारी हप्ता होतो.
रविवारी तुमची गाडी नसते, पण घरात बोंबील असतात.
बुधवारी गाडी असते आणि तेल नसतं.
काळजी बुधवारची लिहायची की रविवारची?
दीर हसतो. मी 'कधीकधी'वर खूण करते,
त्या शब्दाला बुधवार कळत नाही.

संध्याकाळी पीठ किती लागतं? ग्रॅममध्ये.
अकरा पसे. मक्याचं.
काटा मी घरून आणलेला, केकच्या मैद्यासाठी घेतलेला.
एक पसा टाक यावर, म्हटलं.
तिनं उजवा हात डब्यात घातला.
मधलं बोट अर्ध्यातून नाही,
सळई वाकवायच्या यंत्रात गेलं, पोरच्या कामावर.
त्या जागेतून पीठ झरतं,
पण खाली डावा हात असतोच, सवयीनं.
काट्यावर अठ्ठावन्न.
मग डावा हात झटकला : एकसष्ट.
आता तुझा, म्हणाली.
माझा बहात्तर भरला.
मी हात पदराला पुसले, पीठ नव्हतं तरी.

दुपारची उरलेली खिचडी पातेल्यात घट्ट बसलेली.
तिनं चूल पेटवली.
पाटा म्हणून ग्रॅनाइटचा तुकडा,
सॅम्पल फ्लॅटच्या ओट्यातून फुटून आलेला, आरशासारखा.
त्यावर लसूण, सुकी मिरची, खडेमीठ.
ठसका लागून मी बाहेर आले, ती आतून बोलत होती :
ही येते तेव्हा आजाऱ्याची असते,
आता माणसांची झाली.
चौकीदारानं ताटली पुढं केली.

नववा स्लॅब पडला की ते करजणला जाणार. पंधरा दिवस, फार तर वीस.
यादी मंजूर व्हायलाही तेवढेच लागतात, हे मी तिला सांगितलं नाही.
तिनंच विचारलं, तिकडची गाडी कुणाची?
मी पानं उलटली.
मागच्या पानावर 'शेरा' अशी एक ओळ होती, बोटभर.
तिथं लिहिलं : तेल. मिरची. सात नव्हे आठ.
पुढं जागा होती, पण सुचत होतं ते तिथं मावणारं नव्हतं.

तोवर तिचा धाकटा, दिलवर, काट्यापाशी पोचलेला.
तळवा ठेवून दाबत होता.
दोनशे दहा. तीनशे चाळीस.
आकडा चढला की मान वर करून बघायचा आमच्याकडे,
आणि अजून जोर लावायचा.